घरी बांधलेले यंत्र

वर्धा हे गाव प्रवासवर्णनात येते ते बहुधा सेवाग्रामच्या वाटेवरचे स्टेशन म्हणून. पाहुणे उतरतात, बापूकुटीत पाच-दहा मिनिटे मान खाली घालून बसतात, पवनारला धाम नदीचे पात्र पाहतात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मी याच गावचा. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे बोलण्याची हौसही दांडगी. त्यामुळे बाहेरगावच्या स्नेह्यांना हे सारे हिंडवून दाखवण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे. कुठे आवाज खाली आणायचा आणि कुठे थांबायचे हेही आता ठरून गेले आहे.

मे महिन्यात मात्र कोणी येत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो, बजाज चौकात दुपारी चिटपाखरू दिसत नाही, आणि घरोघरी खिडक्यांना लावलेले कूलर गिरणीसारखे घरघरत असतात. या दिवसांत गाव फक्त आमचे असते. गच्चीवर कुरडया, आत कैरीचे पन्हे, आणि बाकी सारी माणसे आडवी. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी जे प्रकरण घडले ते अशा दिवसांतले.

माझी मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिला संगणक घेऊन देण्याचे मी कबूल केले होते. दुकानात जावे, पैसे मोजावेत, खोके घरी आणावे, एवढीच माझी कल्पना. ती म्हणाली, "बाबा, तयार नको. सुटे भाग आणू आणि घरीच बांधू."

"घरी? त्या काय कुरडया आहेत?" मी म्हणालो.

कोपऱ्यातल्या पलंगावर माझे वडील पडले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो, मुलगी आबाजी म्हणते. प्राथमिक शाळेचे मास्तर म्हणून ते निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा एक हलका झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात कापतो आणि बोलणेही फार कमी झाले आहे. ते पडल्या पडल्या नातीला म्हणाले, "बिघडला तर तुले उघडता येईल काय?"

"आपणच बांधला तर येईल, आबाजी."

"मग बांध."

घरातला वाद तिथेच संपला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण तो नुसता आमच्या दादांचा प्रश्न नव्हता. आमच्या गावात तो फार जुना आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे चढायच्या आत मी मगनवाडीला गेलो. घरापासून चालत वीस मिनिटे. पाहुण्यांना घेऊन तिथे अनेकदा गेलो होतो, एकटा मात्र कधी गेलो नव्हतो. ही मूळची जमनालाल बजाजांची बाग. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ठाणे इथे पडले आणि जे. सी. कुमारप्पा नावाचा हिशेबतपासनीस इथे येऊन घाणी, कागद, गूळ आणि मधमाश्या यांचा हिशेब मांडू लागला. 1928 साली वारलेल्या मगनलाल गांधींचे नाव या वाडीला मिळाले, आणि 30 डिसेंबर 1938 रोजी महात्माजींच्या हस्ते इथले मगन संग्रहालय उघडले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील याच वाडीत तयार झाला. दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे: कंदिलात कोणते तेल जळते आणि ते कोणाच्या घाणीतले, याची चिंता करणारी माणसे या आवारात राहत होती.

संग्रहालयात चरख्यांची रांग आहे. उभ्या मोठ्या चाकाचे, आडव्या चाकांचे, आणि पुस्तकासारखी मिटणारी ती पेटी, येरवड्याच्या तुरुंगात 1930 साली सुधारलेली म्हणून 'येरवडा चक्र' नाव मिळालेली. पुढे तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांचा अनेक चात्यांचा अंबर चरखा आला. लोक या रांगेकडे मूर्तींकडे पाहावे तसे पाहतात. मीही तसाच पाहत आलो. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की ही रांग मूर्तींची नाही. ती यंत्रांची आहे, आणि प्रत्येक यंत्र आधीच्याला नावे ठेवून पुढे आलेले आहे.

वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की 1929 साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे लाख रुपये! त्याच्या अटी मी वर्गात कधी सांगितल्या नव्हत्या. आता मात्र त्या मला एखाद्या चांगल्या कवितेइतक्या नेमक्या वाटतात. यंत्र हलके हवे, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावे. एखाद्या बाईने फार न थकता आठ तास चालवले तर सोळा हजार वार सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. सोळा हजार वार म्हणजे वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन जवळजवळ परत येईल इतका लांब धागा, एका बाईच्या एका दिवसाचा.

ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करवाडीच्या काळ्यांचे यंत्र गाजले, पण तेही परीक्षेत कमी पडले. मला बक्षिसापेक्षा त्या शेवटच्या अटीचे कौतुक वाटते. यंत्र किती काम करते हे सगळेच विचारतात. ते मोडल्यावर किती खर्चात उभे राहील, हे अटीतच लिहून टाकणारा गिऱ्हाईक विरळा. महात्माजींना यंत्राचा विटाळ होता असे म्हणणाऱ्यांनी ही अट एकदा वाचावी. सिंगरच्या शिवणयंत्राला तर त्यांनी उघड सूट दिली होती.

असो. मगनवाडीतून घरी परतलो तेव्हा कन्येने सामानाची यादी तयार ठेवली होती.

वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघालो. सिंदी, बुटीबोरी अशी स्टेशने मागे पडत होती. बाहेर काळी माती भेगाळून पावसाची वाट पाहत होती. नागपूरला सीताबर्डीच्या गल्लीत संगणकाच्या दुकानांची एक ओळच आहे. एका अरुंद जिन्याने वर गेलो. दुकानदार पोरगेलासा होता, बोलताना माझ्याकडे पाहत होता आणि उत्तरे मुलीकडून घेत होता. यादी वाचून तो म्हणाला, "सर, कूलर कोणता देऊ?"

मी म्हणालो, "कूलर घरी आहे. दोन आहेत. वाळा गेल्याच महिन्यात बदलला."

दुकानात जो हशा पिकला त्यात माझी मुलगीही सामील झाली, हे मला सांगितले पाहिजे. संगणकाच्या प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायच्या पंख्यालाही कूलरच म्हणतात, हे ज्ञान मला असे जाहीर समारंभात मिळाले. पण विचार केला तर हसण्यासारखे त्यात काही नाही. आमच्या विदर्भात माणसाला जे लागते तेच यंत्रालाही लागते.

परत येताना मांडीवर खोकी घेऊन बसलो होतो. मुलगी एकेकाची ओळख करून देत होती. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा, आकाराने बिस्किटाएवढा. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळे बसतात ते पाट. रॅम म्हणजे हाताखालची पाटी, वीज गेली की कोरी. एसएसडी म्हणजे वही, ती पुसली जात नाही. एसएमपीएस हा विजेचा कोठीघरवाला. भिंतीतली वीज घेऊन ज्याला जेवढी पचते तेवढी मोजून देतो. आणि कॅबिनेट म्हणजे घर. उपमा तिने दिलेल्या नाहीत, माझ्या आहेत. ती मला व्होल्ट सांगत होती.

संध्याकाळी सतरंजी गुंडाळून ठेवली, कारण तिच्यावर घासून अंगात स्थिर वीज साठते, आणि आमच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती अधिकच साठते. त्या विजेचा माणसाला जाणवणारही नाही इतका झटका नाजूक भागाला पुरतो. म्हणून दर थोड्या वेळाने लोखंडाला हात लावायचा. जेवणाच्या लाकडी टेबलावर मांडामांड झाली. दादांचा पलंग जवळ ओढला. मी माहितीपुस्तिका वाचायची आणि मुलीने हात चालवायचे, अशी वाटणी ठरली. पुस्तिकेतले अक्षर इतके बारीक की दादांचे भिंग मागावे लागले.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावर एक सोनेरी त्रिकोण असतो. तसाच त्रिकोण बैठकीवर असतो. दोन्ही जुळले की तो आपल्याच वजनाने खाली बसतो, दाबायचा नाही. तिने तो ठेवला आणि खरोखरच तो बसला. मी श्वास रोखून धरला होता, हे तो सोडल्यावर कळले. मग त्याच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारा लेप, वाटाण्याएवढा. त्यावर तो कूलर. चार स्क्रू आळीपाळीने, कोनाकोनाने आवळायचे, म्हणजे भार एका बाजूला जात नाही. हे दादांनी मध्येच सांगितले. पुस्तिकेतही पुढच्या ओळीवर तेच होते.

लहान मुलांनी टेबलाशी बसून हाताने शिकावे, ही कल्पनाही आमच्या वर्ध्याचीच. 1937 च्या ऑक्टोबरात 22 आणि 23 तारखेला इथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि उद्योगातून शिक्षण देणारी 'नई तालीम' तिथून निघाली. टकळी फिरवता फिरवता मुलाने धाग्याची लांबी मोजावी, म्हणजे अंकगणित येते. कापूस कुठून आला हे विचारावे, म्हणजे भूगोल येतो. दादा अशाच एका बुनियादी शाळेत शिकले. मी या विषयावर कॉलेजात दोनदा व्याख्यान दिले आहे, एकदा बक्षीस समारंभात. टकळी मला फिरवता येत नाही. दादांनी लहानपणी शिकवण्याचा प्रयत्न केला होता. पण त्यांनी स्वतः काढलेल्या सुताचा जाडाभरडा सदरा घालून शाळेत जाण्याची मला लाज वाटत असे, आणि त्या लाजेत टकळीही गेली. दादांनी पुन्हा विषय काढला नाही. ते रोज पहाटे आपली पेटी उघडून बसत. झटका आल्यावर पेटी माळ्यावर गेली.

रात्री साडेदहाला सगळे जुळले. मुलीने मागचे बटण दाबले, मग पुढचे. पंखे फिरले. आत निळा दिवा लागला. आणि पडदा काळाच राहिला.

पाच मिनिटे थांबलो. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. काळाच. मुलीचे ओठ कापू लागले. त्या वेळी मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण न लिहिले तर हा लेख खोटा होईल. मी म्हणालो, "सांगितले होते, तयार घेऊ. जे आपले काम नाही त्यात हात घालू नये." पंचेचाळीस हजार रुपये, आणि वर हे वाक्य. ती उठून गच्चीवर गेली.

सकाळी उठलो तेव्हा ती टेबलाशी होती आणि दादा उशीला टेकून बसले होते. ते तिला सांगत होते, "चरखा अडला का गुरुजी ओरडत नसत. म्हणत, आधी माळ उतरव. चाक एकटं फिरते काय पाह्य. मग चाती एकटी फिरते काय पाह्य. मग दोघायची गाठ घाल." ज्यांनी चरखा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: माळ म्हणजे चाक आणि चाती यांना जोडणारी दोरी.

मुलीने तसेच केले. एकेक भाग काढला. वही काढली, जादा तारा काढल्या, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली. प्रोसेसर, एक पट्टी आणि वीज एवढेच ठेवले. बटण दाबले. पडदा उजळला, इंग्रजीत चार ओळी उमटल्या. तिने बंद केले, दुसरी पट्टी घातली. पडदा काळा. मदरबोर्डाच्या कडेला एक तांबडा ठिपका लागलेला मला भिंगातून दिसला, त्याखालची अक्षरे मी मोठ्याने वाचली: स्मृतीचा दोष. तो ठिपका रात्रीही तिथे लागला असणार. रात्री मी भिंग ठेवून भाषण करत होतो.

पट्टी सदोष नव्हती. ती एका टोकाला बसली होती, दुसऱ्या टोकाला केसभर वर राहिली होती. दाबताना दोन्ही बाजूंना 'टक्' असा आवाज यायला हवा. तिने पुन्हा दाबली. तो दुसरा 'टक्' आला. दादांनी मान हलवली, जणू तो त्यांच्या ओळखीचा आवाज होता.

त्यानंतर मला या विषयाचे वेडच लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याकडच्या मंडळींनी स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक 1960 साली पूर्ण झाला. त्याची स्मृती 2048 शब्दांची, एकेक शब्द 40 अंशांचा. आमच्या टेबलावरच्या दोन पट्ट्यांपुढे ती समुद्रापुढे पळीभर पाणी. अमेरिकेत 1975 साली 'अल्टेअर' नावाचा संगणक सुट्या भागांच्या रूपात टपालाने घरोघर आला आणि हौशी लोक तो डाग देऊन जोडू लागले. आणि आपल्याकडे, मोठा संगणक बाहेरून मिळण्यात अडथळे येऊ लागले तेव्हा, 1988 साली पुण्यात 'सी-डॅक' निघाली आणि आमच्या वऱ्हाडातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम' तयार झाला. एकच अजस्र गणकयंत्र बांधण्याऐवजी त्यांनी पुष्कळ लहान गणकयंत्रे एकमेकांना जोडली आणि काम वाटून दिले. हे वाचताना मी थांबलो. एक गिरणी नको, पुष्कळ चरखे हवेत, असेच काहीसे आमच्या मगनवाडीत म्हणत होते. त्यांचा आणि यांचा काही संबंध होता असे माझे म्हणणे नाही. पण वर्ध्याचा माणूस असे वाचल्यावर एकदा मान वर करणारच.

मी उत्साहाने हे दादांना सांगितले. 1929 च्या अटीही सांगितल्या आणि आमचे यंत्र त्या अटींवर घासून पाहू म्हणालो. हलके? हो. झोपडीत चालेल? वीज असेल तर. दुरुस्ती? एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, हा जुळणीचा मोठाच गुण. वीस वर्षे? इथे मुलगी हसली. सात-आठ वर्षे म्हणाली, आणि तेही धूळ काढत राहिलो तर.

दादा म्हणाले, "अन् तो हिशेब करणारा तुकडा? तो गेला तर?"

"नवा आणायचा, आबाजी. तो उघडता येत नाही."

"कोठी बनते?"

"बहुतेक तैवानात."

दादा काही वेळ गप्प राहिले. "आमचा कापूस इथलाच होता," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मास्तर उत्तरपत्रिकेवर अर्धा गुण कापतो तसे ते बोलले. मला तो अर्धा गुण रास्त वाटतो. आम्ही संगणक बांधला, केला नाही. सूत कातणे आणि सूत विकत आणून गाठी मारणे यात फरक आहे, आणि नव्या हौसेच्या भरात तो विसरला जातो. मुलीने त्यात लिनक्स घातले, ज्याचे आतले लेखन कोणालाही वाचता-बदलता येते. तेवढ्यापुरता अर्धा गुण परत मिळाला असे तिचे म्हणणे.

संध्याकाळी तिने त्यावर देवनागरी उमटवून दाखवली. मी पुढे सरसावलो, पण दादांना लिहिण्यात रस नव्हता. ते म्हणाले, "ते झाकण पुन्हा काढ."

तिने वीज तोडली, झाकण काढले. त्यांनी दुसरी पट्टी काढायला लावली आणि ती आपल्या हातात घेतली. उजवा हात कापत होता. आधी लोखंडाला हात लावला, न सांगता. पट्टीची खाच खालच्या खुणेशी जुळवताना तीनदा चुकले. मुलगी मदतीला हात पुढे करणार तोच मी तिला खूण केली. पाच मिनिटे गेली असतील. एका टोकाला 'टक्' झाले. मग अंगठा सरकवत सरकवत दुसऱ्या टोकाला नेला, आणि तिथेही झाले.

"बसली?"

"बसली, आबाजी."

ते उशीला टेकले. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "माळ्यावरून माझी पेटी काढ. हिले उघडून दाखवतो."

माळा भट्टीसारखा तापला होता. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागून पेटी ओढून खाली आणली, पुसली आणि टेबलावर संगणकाशेजारी ठेवली. आत माळ तुटलेली होती, हे नंतर दिसले. मुलगी तिच्यासाठी घरभर सुती दोरा शोधत हिंडली. पण आधी पेटी उघडायची होती, आणि तिची कडी कोणत्या बाजूने निघते हे मला ठाऊक नव्हते.